एमएसची राष्ट्रीय रजिस्ट्री उभी करताना: पहिल्या फॉर्मपासून तिसाव्या वर्षाच्या फोनपर्यंत

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत माझ्या टेबलासमोर बसलेल्या ताई सांगत होत्या, "गेल्या मार्चपासून पाय जड झालेत." फाईलवरही तेच होतं: आजाराची सुरुवात, मार्च. मी सवयीनं विचारलं, "त्याआधी कधी डोळ्याचा त्रास झाला होता का? एका डोळ्यानं कमी दिसणं, डोळा हलवताना दुखणं?" त्या जरा थांबल्या. "हो की. चार वर्षं झाली असतील. घरी गौरी आल्या होत्या. डाव्या डोळ्यानं गौरीचं कुंकू विटल्यासारखं दिसायचं, मातकट. दिवाळीपर्यंत आपोआप गेलं ते."

त्या उत्तरानं आजाराची सुरुवात चार वर्षं मागे गेली. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं आवरण खराब करते. डोळ्याची नस सुजणं हा त्याचा अगदी नेहमीचा पहिला अटॅक. तो नोंदवला नाही, तर पुढे कोणी "आजार सुरू झाल्यापासून काठी हाती येईपर्यंत किती वर्षं जातात" हे मोजायला बसेल तेव्हा या ताईंच्या बाबतीत त्याचं उत्तर चार वर्षांनी चुकेल. अशा हजार फाईली चुकल्या तर एका देशाचं उत्तर चुकतं.

हा लेख एमएसची रजिस्ट्री, म्हणजे रुग्णांची वर्षानुवर्षं चालणारी नोंद, उभी करू पाहणाऱ्यांसाठी आहे: तरुण न्यूरॉलॉजिस्ट, विभागातले समन्वयक, नर्स, आणि रुग्ण संघटनांचे कार्यकर्ते. मी डेटा भरण्याच्या खुर्चीत बसते, म्हणून त्या खुर्चीतून दिसतं तसं सांगते. माझं म्हणणं असं: कमी प्रश्न विचारा, पण तेच प्रश्न त्याच माणसाला तीस वर्षं विचारत राहा.

रजिस्ट्री लागते कशाला?

जगात सुमारे २९ लाख लोकांना एमएस आहे. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. त्यानंतर माणूस तीस-चाळीस वर्षं या आजारासोबत जगतो. नव्या औषधाची चाचणी मात्र साधारण दोन-तीन वर्षांत संपते. गरोदर बायका, पंचावन्नच्या पुढचे लोक, मधुमेह असलेले रुग्ण अशा चाचण्यांत बहुधा घेतच नाहीत. मग औषध दहाव्या वर्षी काय करतं, बाळंतपणानंतर काय होतं, हे कळायचं कुठून? एका रुग्णालयात तेवढे रुग्ण नसतात आणि एका डॉक्टरच्या कारकिर्दीत तेवढी वर्षं नसतात. म्हणून देशाची नोंद लागते.

हे आधी करून दाखवलं डेन्मार्कनं. तिथं १९४९ मध्ये देशभरातल्या एमएसच्या रुग्णांची गणना झाली आणि त्या पायावर १९५६ मध्ये कायमची राष्ट्रीय रजिस्ट्री उभी राहिली. एमएसची ती जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय नोंद. तेव्हा या आजारावर औषध नव्हतं, एमआरआय तर दूरच. तरीही त्यांनी नोंद सुरू केली. १९६८ मध्ये तिथल्या प्रत्येक नागरिकाला कायमचा ओळख क्रमांक मिळाला आणि रजिस्ट्रीतला रुग्ण रुग्णालयांच्या व मृत्यूच्या नोंदींशी जोडता येऊ लागला. १९९६ मध्ये इंटरफेरॉन हे एमएसवरचं औषध आलं, तेव्हा उपचारांची वेगळी देशव्यापी नोंद सुरू झाली. औषध येण्याआधीची चाळीस वर्षं हाताशी असल्यामुळेच औषध आल्यानंतर काय बदललं हे तिथं तुलनेनं सांगता येतं. डॅनिश बायकांमध्ये एमएस होण्याचं प्रमाण १९५० च्या दशकापासून पुढच्या अर्धशतकात जवळपास दुपटीवर गेलं आणि पुरुषांमध्ये त्या मानानं बरंच कमी वाढलं, हे याच नोंदीतून दिसलं. इतक्या थोड्या पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. म्हणजे राहणीमानात, परिसरात काहीतरी बदललंय, हा धागा संशोधकांच्या हाती आला तो एवढी वर्षं चिकाटीनं ठेवलेल्या नोंदींमुळे.

पहिली पायरी: कोणती रजिस्ट्री हवी ते ठरवा

रजिस्ट्री म्हटलं की लोक सॉफ्टवेअर शोधायला लागतात. थांबा. आधी एका कागदावर लिहा की पाच वर्षांनी तुम्हाला कोणत्या तीन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत.

"आपल्याकडे एमएस किती आहे?" हा प्रश्न असेल तर भौगोलिक हद्द हवी, त्या हद्दीतली लोकसंख्या ठाऊक हवी आणि हद्दीतला प्रत्येक रुग्ण सापडायला हवा. "कोणतं औषध टिकतं?" हा प्रश्न असेल तर चांगल्या केंद्रांमधले, नियमित तपासणीला येणारे रुग्ण पुरतात. "रोजचं जगणं कसं आहे?" असं विचारायचं असेल तर रुग्णानं स्वतः भरलेली माहिती लागते. अमेरिकेतली नार्कोम्स ही नोंद १९९६ पासून रुग्ण स्वतः भरतात. ब्रिटनची एमएस रजिस्टर २०११ मध्ये स्वान्झी विद्यापीठातून सुरू झाली, त्यातही रुग्णांनी ऑनलाइन भरलेली माहिती हा मोठा भाग आहे. मेलबर्नहून चालणारी एमएसबेस २००४ पासून अनेक देशांतल्या केंद्रांचा डेटा एकत्र आणते, पण कोणत्याही एका देशातल्या रुग्णांची संख्या तिच्यातून काढता येत नाही. तो तिचा हेतूच नाही.

लोकसंख्येवर आधारलेल्या मोजणीचं एक सुंदर उदाहरण मुंबईतलं आहे. १९८० च्या दशकात डॉ. नादिर भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन सुमारे १४,००० लोकांची मज्जासंस्थेच्या आजारांसाठी पाहणी केली. पुढे १९९० मध्ये डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबई आणि पुण्याच्या पारशी समाजातल्या एमएसवर लिहिलं. या समाजात एमएस इतर भारतीयांपेक्षा बराच जास्त आढळतो, हे त्या कामातून पुढे आलं. बागेत, म्हणजे पारशी वसाहतीत, किती घरं, घरात किती माणसं, हे मोजलेलं होतं, म्हणून दर काढता आला. मंगळूर शहरातही अशी पाहणी झाली आणि दर लाख लोकांमागे ८.३५ रुग्ण असं प्रमाण मिळालं. तिथं २०११ पासून एमएस आणि त्याच्या जवळच्या आजारांची रजिस्ट्री आहे. देशपातळीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं, दिल्लीच्या एम्सच्या समन्वयाखाली, २०२१ मध्ये अनेक केंद्रांची रजिस्ट्री सुरू झाली. म्हणून तुमचं केंद्र नवीन असेल तर नवा फॉर्म रचण्याआधी त्यांचे रकाने मागवून घ्या. उद्या डेटा जोडायचा झाला तर तुमचा रकाना त्यांच्या रकान्याला बसला पाहिजे.

दुसरी पायरी: आत कोण, बाहेर कोण

एमएसचं निदान ज्या निकषांवर होतं, ते मॅकडोनाल्ड निकष २००१ मध्ये आले आणि २००५, २०१०, २०१७ आणि २०२४ मध्ये सुधारले. प्रत्येक सुधारणेनं निदान लवकर होऊ लागलं. पूर्वी "बघूया, दुसरा अटॅक येतो का" म्हणून थांबवलेले रुग्ण आता पहिल्या एमआरआयनंतरच यादीत येतात. परिणामी रुग्ण वाढल्यासारखे दिसतात आणि सौम्य रुग्ण आत आल्यामुळे आजारही सौम्य झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात यातलं काहीच घडलेलं नसतं.

उपाय सोपा आहे. "एमएस: होय/नाही" एवढ्यावर भागवू नका. कोणत्या वर्षीचे निकष लावले ते लिहा आणि ज्यावर निदान केलं तो कच्चा पुरावाही ठेवा: एमआरआयमध्ये डाग कुठे कुठे होते, पाठीच्या पाण्याच्या तपासणीत ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बहुधा दिसणारे प्रथिनांचे पट्टे) मिळाले का, अटॅक किती. निकष पुन्हा बदलले तर जुने रुग्ण नव्या चाळणीतून काढता येतील.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. एनएमओ (मुख्यतः डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूला इजा करणारा आजार) आणि मॉग अँटीबॉडीचा आजार (मॉग या आवरणातल्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार होते तो) हे दोन्ही एमएससारखे दिसतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाला अपाय करतात. एनएमओची अँटीबॉडी २००४ मध्ये सापडली. त्याआधीच्या फाईलींमध्ये हे रुग्ण एमएसच्या नावाखाली दडलेले असू शकतात. अँटीबॉडी तपासली का, कोणत्या पद्धतीनं, काय आलं, हे तीन रकाने ठेवाच. "तपासली नाही" आणि "निगेटिव्ह" यांना एकच खूण करू नका.

तिसरी पायरी: माणूस एक, नोंद एक

डेन्मार्क आणि स्वीडनला कायमच्या ओळख क्रमांकानं जे आयतं दिलं, ते आपल्याला कष्टानं मिळवावं लागतं. इथं मी माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात आमच्या यादीत दोन तरुण बायका होत्या. पहिली नाव, वडील आणि आडनाव असं लिहिलेली, दुसरी वेगळंच नाव, वेगळं मधलं नाव, वेगळं आडनाव. जन्मतारीखही वेगळी. पहिलीच्या तपासण्या एका वर्षी थांबल्या, दुसरीच्या पुढच्या वर्षी सुरू झाल्या. मी पहिलीला "संपर्क तुटला" म्हणून बाजूला काढलं आणि दुसरीला नवीन रुग्ण म्हणून मोजलं. वर्षभरानं त्यांच्या आईला ओपीडीत ओळखलं तेव्हा उलगडा झाला: दोघी म्हणजे एकच मुलगी. मधल्या काळात मुलीचं लग्न झालं होतं. सासरी नाव बदललं, मधलं नाव नवऱ्याचं लागलं, आणि आधीच्या फाईलवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची १ जून होती, नव्या फाईलवर खरी.

एमएस ज्या वयात बायकांना गाठतो, आपल्याकडे त्याच वयात त्यांचं नाव बदलतं. परदेशातून आणलेल्या फॉर्ममध्ये याचा विचार नसतो. म्हणून ओळखीसाठी हे रकाने घ्या: जन्माचं नाव, माहेरचं आडनाव, आताचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मगावाचा तालुका, जन्मवर्ष. जन्मतारीख १ जून असेल तर "खरी की शाळेतली?" हा प्रश्न विचारायला लाजू नका, लोक हसून खरं सांगतात. नाव देवनागरीतही लिहून ठेवा, कारण इंग्रजीत एकाच वैशालीची तीन स्पेलिंगं होतात. रुग्णानं आपणहून दिला तर १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) घ्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

रजिस्ट्रीनं दिलेला क्रमांक निरर्थक असावा. त्यात गाव, वर्ष, लिंग गुंफू नका. ओळख पटवणारी माहिती एका कुलपात, आजाराची माहिती दुसऱ्या कुलपात, आणि दोघांना जोडणारी किल्ली मोजक्या लोकांकडे.

चौथी पायरी: रकाने, आणि ते कसे भरायचे

पहिल्या बैठकीत प्रत्येक डॉक्टर आपला आवडता रकाना सुचवतो आणि फॉर्म बारा पानांचा होतो. बारा पानांचा फॉर्म तीन महिने भरला जातो. माझ्या मते दर भेटीला पाच मिनिटांत भरून होईल तेवढंच ठेवा. पहिल्या भेटीला थोडं जास्त चालेल.

सुरुवातीची तारीख मी गौरींच्या गोष्टीत सांगितली. लोकांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात, पेरणी आठवते, बोर्डाची परीक्षा आठवते. त्यावरून महिना काढा आणि शेजारी एक रकाना ठेवा: तारीख नक्की, महिना नक्की, की फक्त वर्ष. नाहीतर सॉफ्टवेअर मागतं म्हणून कोणीतरी सगळीकडे १ जानेवारी टाकतं आणि दहा वर्षांनी कोणाला तरी वाटतं की हा आजार थंडीत सुरू होतो.

अटॅकची व्याख्या फॉर्मवरच छापा: नवी किंवा पुन्हा उसळलेली तक्रार, किमान २४ तास टिकलेली, ताप किंवा संसर्ग नसताना, आणि आधीच्या अटॅकपासून किमान ३० दिवसांनी. आपल्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. एमएसमध्ये शरीर तापलं की जुन्या तक्रारी तात्पुरत्या वाढतात. मे महिन्यात नागपूरहून फोन येतो, "दुपारी पाय उचलत नाहीत, संध्याकाळी कूलरसमोर बसलं की बरं वाटतं." हा नवा अटॅक नाही. तो अटॅक म्हणून लिहिला गेला, तर विदर्भातला प्रत्येक उन्हाळा औषधाच्या अपयशाच्या खात्यावर पडेल.

अपंगत्व मोजायला जगभर ईडीएसएस वापरतात, शून्य ते दहा, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं. चारवर माणूस आधाराशिवाय सुमारे ५०० मीटर चालतो, सहावर १०० मीटरसाठी एका बाजूचा आधार लागतो, सातवर व्हीलचेअर. इथं विचारू नका, मोजा. "किती चालता?" या प्रश्नाला "बस स्टॉपपर्यंत जाते" असं उत्तर येतं, आणि प्रत्येकाचा बस स्टॉप वेगळा असतो. आमच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही २५ मीटरवर जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवली. वीस फेऱ्या म्हणजे ५००. काकांनी अकराव्या फेरीला भिंत धरली, तर ती फेरी लिहायची. अटॅकनंतर ३० दिवसांच्या आत घेतलेलं मोजमाप वेगळी खूण करून ठेवा, आणि अपंगत्व वाढलं असं म्हणण्याआधी सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

ईडीएसएसची उणीवही लक्षात घ्या. चारच्या पुढे त्यात जवळजवळ सगळं वजन चालण्याला आहे. हात थरथरतो, आकडेमोड जमेनाशी होते, दुपारी तीनला अंगातलं त्राण जातं आणि नोकरी सुटते, यातलं फारसं काही त्या आकड्यात येत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी २५ फूट चालण्याचा वेळ, नऊ खुंट्यांची हाताची चाचणी आणि चिन्हांच्या जागी आकडे सांगण्याची ९० सेकंदांची चाचणी घ्या. आणि एक साधा प्रश्न: सध्या काम करता का? सोडलं असेल तर कधी?

औषधांच्या बाबतीत सुरू केल्याची तारीख सगळे लिहितात, बंद केल्याची तारीख आणि कारण सुटतं. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये कारणांची यादी परदेशी नमुन्यावरून घेतली होती: दुष्परिणाम, परिणाम नाही, गर्भधारणा, रुग्णाची इच्छा, इतर. सहा महिन्यांनी पाहिलं तर निम्म्याहून जास्त खुणा "इतर"वर. फोन करून विचारलं तेव्हा कळलं: पैसे संपले, विमा बंद झाला, गावातल्या दुकानात मिळालं नाही. "खर्च" आणि "उपलब्ध नाही" हे दोन पर्याय त्याच आठवड्यात घातले. ते नसते तर ज्या औषधाला कोणी पैसे पुरवू शकलं नाही, ते औषध डेटात निकामी ठरलं असतं.

रिटुक्सिमॅबबद्दल मुद्दाम लिहिते. स्वीडनमध्ये हे औषध एमएससाठी अधिकृत मान्यता नसतानाही न्यूरॉलॉजिस्टांनी मोठ्या प्रमाणावर वापरलं, आणि तिथल्या राष्ट्रीय रजिस्ट्रीत बहुतेक रुग्णांची नोंद झाल्यामुळे ते इतर औषधांच्या तुलनेत किती टिकतं, किती अटॅक थांबवतं हे जगाला दिसलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एमएससाठी आवश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच तीन औषधं घेतली, त्यात रिटुक्सिमॅब आहे. आपल्याकडे त्याच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात आणि कित्येक घरांना परवडणारा पर्याय तोच असतो. तर प्रत्येक डोसची तारीख, मात्रा आणि कोणत्या कंपनीचं हे लिहा. आपल्या रुग्णांना हे औषध किती मात्रेत, किती महिन्यांनी पुरतं, याचं उत्तर आपल्याच नोंदींतून यायला हवं.

पाचवी पायरी: संमती

डेन्मार्कमध्ये कायद्यानंच नोंद होते. जर्मनीत रुग्णाची लेखी संमती लागते. आपल्याकडे आचारनीती समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची संमती, दोन्ही हवं. संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्ही वाचून घ्या.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि मराठी म्हणजे बोलली जाते ती. आमचं पहिलं भाषांतर वाचून एका आजोबांनी विचारलं होतं, "म्हणजे सही कशावर करायची, ऑपरेशनवर का?" आता आम्ही मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यात चार गोष्टी असतात: काय लिहून घेणार, कोण पाहणार, नाव कोणाला कळणार नाही, आणि कधीही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.

फोन करण्याची संमती वेगळी घ्या, आणि कोणता नंबर, कोणती वेळ, हेही. काही मुलींनी आजार सासरी सांगितलेला नसतो. दुसऱ्या कोणी फोन उचलला तर काय बोलायचं हे समन्वयकाच्या टेबलावर लिहून ठेवा. आमच्याकडे रुग्णालयाचं किंवा आजाराचं नाव घ्यायचं नाही, फक्त आपलं नाव सांगून "पुन्हा करते" म्हणायचं, असा नियम आहे. एका चुकीच्या वाक्यानं कोणाचं घर मोडू शकतं, आणि ती जबाबदारी आपली असते.

सहावी पायरी: आधी कागदावर, मग संगणकावर

वीस जुन्या फाईली घ्या. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तोच फॉर्म भरायला द्या आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. जिथं दोघांत फरक पडेल तिथं दोष बहुधा प्रश्नात असतो. असं दोन-तीन वेळा करून फॉर्म घट्ट झाला की मगच सॉफ्टवेअर. रेडकॅपसारखी प्रणाली ना-नफा संस्थांना विनाशुल्क मिळते आणि सुरुवातीला पुरते.

डॉक्टर फॉर्म का भरत नाहीत, यावर प्रत्येक बैठकीत तक्रार होते. स्वीडनचं उत्तर मला सर्वांत पटतं. तिथं भरलेली माहिती त्याच भेटीत पडद्यावर आलेखासारखी दिसते: अटॅक कधी आले, कोणतं औषध कधी होतं, ईडीएसएस कसा हलला. डॉक्टर आणि रुग्ण तो आलेख एकत्र बघून पुढचं ठरवतात. भरणाऱ्याला त्याच दिवशी उपयोग झाला तर तो पुढच्या वेळी आपणहून भरतो.

सातवी पायरी: न आलेला रुग्ण

माझा बहुतेक वेळ या पायरीवर जातो, आणि तो तिथंच जायला हवा. जो येत नाही तो का येत नाही? काहींना बरं वाटतंय. काहींना जिना उतरता येत नाही. काही दुसऱ्या शहरात गेले, काही दुसऱ्या डॉक्टरकडे, काही वारले. ही सगळी माणसं "संपर्क नाही" या एकाच डब्यात टाकली तर राहिलेल्या डेटात फक्त दवाखान्यापर्यंत पोचू शकणारे उरतात आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो.

याचा धडा आपल्याच बार्शीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. रुग्ण रुग्णालयात येईल याची वाट न बघता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, गावकऱ्यांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशय असलेल्यांना तपासणीला आणलं आणि मृत्यूंची माहितीही गावातूनच घेतली. एमएसला एवढी पायपीट परवडणार नाही, रुग्ण विरळ आहेत. पण वर्षातून एक फोन परवडतो.

आमचा फोन सात मिनिटांचा असतो. गेल्या वर्षात नवा अटॅक? घरात चालताना काही धरता का, बाहेर जाताना काय लागतं? औषध तेच आहे की बदललं, आणि का? एमआरआय कुठे झाला? बाळंतपण? काम? शेवटी: तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का? या शेवटच्या प्रश्नाला वेळ लागतो, तो द्या. एमएस अपंगत्व हक्क कायदा २०१६ मध्ये समाविष्ट आहे आणि त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, हे कित्येकांना आमच्या फोनवर पहिल्यांदा कळलं. ज्यांना रजिस्ट्रीकडून काही मिळतं, ते पुढच्या वर्षी फोन उचलतात.

आठवी पायरी: किती सुटले ते शोधा

समजा तुमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयांच्या यादीत १२० रुग्ण आहेत, रुग्ण संघटनेच्या यादीत ८०, आणि दोन्हीकडे असलेले ४०. संघटनेच्या ८० पैकी निम्मेच रुग्णालयांच्या यादीत सापडले, म्हणजे रुग्णालयांना एकूण रुग्णांपैकी निम्मेच दिसत असावेत. तर एकूण अंदाज २४०. हातात नावं आहेत १६०, म्हणजे सुमारे ८० जण दोन्ही याद्यांबाहेर आहेत. ही पद्धत तेव्हाच खरी जेव्हा दोन याद्या एकमेकींवर अवलंबून नसतात. रुग्णालयच सगळ्यांना संघटनेकडे पाठवत असेल तर अंदाज कमी येईल. तिसरी यादी म्हणून एमआरआय केंद्रं किंवा अपंगत्व प्रमाणपत्रांच्या नोंदी बघा, अर्थात परवानगीनं.

दर तीन महिन्यांनी नोंदींतल्या थोड्या निवडून मूळ फाईलशी ताडून बघा. चूक सापडली तर भरणाऱ्याला रागावू नका, प्रश्न सुधारा.

नववी पायरी: संशोधकाच्या हाती डेटा देताना

कोणाला डेटा मिळेल हे ठरवणाऱ्या समितीत रुग्ण हवेत, दोन तरी. औषध कंपनीचा पैसा घेतला तर करारात स्पष्ट लिहा की निष्कर्ष काहीही आले तरी ते छापले जातील. तक्त्यात एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा झाकून द्या. लहान तालुक्यात "३० ते ३५ वयाची एक स्त्री" म्हणजे नाव सांगितल्यासारखंच.

आणि संशोधकाला दोन सापळे आधीच दाखवा. डॉक्टर जड औषध जास्त आजारी माणसाला देतात. म्हणून नुसती तुलना केली तर जड औषध घेणारेच जास्त खालावलेले दिसतात. दुसरा सापळा वेळेचा आहे: पाच वर्षं औषध घेणाऱ्यांची तुलना कधीच न घेणाऱ्यांशी केली, तर ती पाच वर्षं औषध चालू ठेवण्याइतके ते बरे होते हेच आपण औषधाचं यश म्हणून मोजतो. दोन्ही सापळ्यांतून बाहेर पडायच्या पद्धती आहेत, पण त्यांना उपचार सुरू होण्याआधीचा ईडीएसएस आणि अटॅकची संख्या लागते. ती माहिती नंतर कुठून आणता येत नाही, ती त्या दिवशी तुमच्या टेबलावरच लिहिली गेलेली असावी लागते.

दहावी पायरी: तुमच्यानंतर

प्रकल्पाचा पैसा तीन वर्षांचा असतो, समन्वयक दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक जाड वही ठेवा. प्रत्येक रकान्याचा अर्थ, प्रत्येक खुणेचा अर्थ, आणि प्रत्येक बदल तारखेसह, कारणासह. आमच्या वहीत "खर्च" हा पर्याय कोणत्या तारखेपासून आला ते लिहिलंय, त्याआधीच्या "इतर"पैकी किती फोनवरून दुरुस्त झाले आणि किती तसेच राहिले तेही. आमच्याकडे नवीन आलेली मुलगी ती वही पहिला आठवडा नुसती वाचते. मग मी तिला फोनची यादी देते, वरून पहिलं नाव दाखवते, आणि शेजारी बसते.